इमॅक्सस्पीक: आपोआप काय बोलावं आणि कुठे गप्प बसावं, मदत हवी

गोदाकाठ · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. जन्मापासून दिसत नाही. कॉलेजात पाच वर्षं विंडोजवर एनव्हीडीए, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, वापरलं आणि त्यावर माझं उत्तम चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी नोकरी लागली. इथलं सगळं काम लिनक्सवर, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. टीममधल्या एका सीनियरनी इमॅक्स हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, आणि त्याला बोलतं करणारं इमॅक्सस्पीक बसवून दिलं. बोलणारा आवाज ईस्पीक या प्रोग्रॅमचा आहे. सीनियरना स्वतःला दिसतं, त्यामुळे बसवून देण्यापलीकडे ते काही सांगू शकत नाहीत.

परवाची गोष्ट सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. बिलांची बेरीज करणारं छोटं फंक्शन होतं. आत एक लूप, म्हणजे प्रत्येक बिलासाठी पुन्हा फिरणारा भाग, आणि शेवटी बेरीज परत देणारी ओळ, 'रिटर्न टोटल'. पायथनमध्ये ओळ कशाच्या आत आहे हे तिच्या सुरुवातीच्या स्पेसवरून ठरतं. ही ओळ लूपच्या बाहेर, म्हणजे चार स्पेसवर हवी होती. माझी आठवर बसली होती. लूपची पहिली फेरी झाली की फंक्शन तिथूनच परत फिरायचं. यादीत वीस बिलं, आणि बेरीज पहिल्या बिलाएवढीच. मी त्या ओळीवर दहा वेळा गेले असेन. दर वेळी 'रिटर्न टोटल' एवढंच ऐकू आलं. चारवर असो की आठवर, कानाला फरक शून्य. शेवटी ओळीच्या सुरुवातीला जाऊन उजव्या बाणाने एकेक स्पेस मोजली तेव्हा सापडलं. पावणेदोन तास गेले.

मला हवंय ते असं. ओळ बदलली की ती किती आत आहे हे न विचारता कळावं. कंस, कोलन, अंडरस्कोर सगळं बोललं जावं. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, प्रोग्रॅम चालवला की निकाल आपोआप वाचला जावा. चूक असेल तर तीही लगेच कळावी. थोडक्यात, सगळं आपोआप बोललं जावं.

आत्ता मात्र उलटंच होतं. टाईप करताना अक्षरही बोलतं आणि शब्द झाला की शब्दही. शेल एकदा बोलायला लागला की तीनशे ओळी वाचतच सुटतो. आणि सेटिंग बदललं की ते त्या फाईलपुरतंच राहतं, दुसरी फाईल उघडली की सगळं पहिल्यासारखं. कुणी वापरत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

कळांची नावं मी देवनागरीतच लिहितेय. रोमन अक्षर आलं की माझ्याकडे वाचणारा आवाज मध्येच बदलतो. तुम्हीही तसंच लिहिलंत तर उपकार होतील.

शांत_संध्याकाळ · सोमवार, रात्री १०:१५

गोदाकाठ, आधी नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन!

इमॅक्सबद्दल जाणकार सांगतीलच. पण काम लिनक्सवर आहे म्हणून एडिटरही लिनक्सवरच हवा असं नाही. मी ठाण्यात एका कंपनीत आहे, सर्व्हर लिनक्सचे, आणि माझ्या टेबलावर विंडोज, एनव्हीडीए आणि व्हीएस कोड हा एडिटर. त्यात एसएसएच या सुरक्षित जोडणीने सर्व्हरवरची फाईल थेट उघडता येते. तुझ्याकडे तशी परवानगी असेल तर हा रस्ताही आहे.

स्पेसचं दुखणं एनव्हीडीएत एका सेटिंगने जातं. एनव्हीडीए-कंट्रोल-डी दाबलं की डॉक्युमेंट फॉरमॅटिंगची खिडकी उघडते. तिथे ओळीच्या इंडेंटेशनसाठी, म्हणजे ती किती आत आहे ते सांगण्यासाठी, चार पर्याय आहेत: बंद, बोलून, सुरांनी, किंवा दोन्ही. सुरांचं असं आहे की एकेक स्पेस वाढली की सूर थोडा वर चढतो, आणि एका टॅबला चार स्पेसइतका चढतो. मी 'दोन्ही'ने सुरुवात केली होती. दोनेक आठवड्यांनी बोलणं बंद केलं, नुसते सूर पुरेसे झाले. रिकाम्या ओळींना इंडेंटेशन सांगू नकोस हेही तिथेच ठरवता येतं. ते नक्की कर, नाहीतर प्रत्येक मोकळ्या ओळीला सूर खाली येतो आणि पुढच्या ओळीला परत चढतो, कान गोंधळतो.

आणि हे सगळं फक्त कोड लिहिताना हवं, मेल वाचताना नको, म्हणून प्रोफाईल, म्हणजे सेटिंगांचा वेगळा संच, बनव. व्हीएस कोड उघडं असताना एनव्हीडीए-कंट्रोल-पी, नवीन प्रोफाईल, आणि ते याच ॲप्लिकेशनपुरतं ठेव. मग विरामचिन्हं 'सगळी' ही पातळी त्या प्रोफाईलमध्येच राहते. ब्राउझरमध्ये गेलीस की एनव्हीडीए आपोआप साध्या सेटिंगवर येतं. अक्षर बोलणं एनव्हीडीए-२ ने आणि शब्द बोलणं एनव्हीडीए-३ ने बदलतं, हे तुला माहीत असेलच.

व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-एफ-१ ने स्क्रीन रीडर मोड चालू-बंद होतो. ओळीवर चूक असेल तर बारीक आवाज वाजतो, आणि एफ-८ ने पुढच्या चुकीवर उडी मारता येते. सगळ्यात जास्त त्रास मला आपोआप येणाऱ्या सूचनांचा झाला. दोन अक्षरं लिहिली की यादी उघडायची, आणि मी काय लिहितेय त्याऐवजी यादीतला पहिला शब्द ऐकू यायचा. क्विक सजेशन्स बंद केल्या. आता हव्या तेव्हा कंट्रोल-स्पेसने मागवते. माझा कामाचा वेग त्या एका बदलाने जितका वाढला तितका दुसऱ्या कशाने वाढला नाही.

मुळामुठा · मंगळवार, सकाळी ६:२०

गोदाकाठताई, मी बरीच वर्षं इमॅक्सस्पीकच वापरतो आहे. शांत_संध्याकाळ यांचा मार्गही चांगला आहे, त्यात कमी काही नाही. पण तुम्ही इमॅक्समध्ये आलाच आहात, तर ते कसं बोलतं ते आधी समजून घ्या. ते कळलं की सेटिंगं पाठ करावी लागत नाहीत.

स्क्रीन रीडर बाहेर उभा राहून पडद्यावर काय बदललं ते बघतो आणि त्यावरून काय बोलायचं ते ठरवतो. इमॅक्सस्पीक इमॅक्सच्या आत बसतं. इमॅक्समध्ये खालच्या बाणालाही एक आज्ञा असते, 'पुढची ओळ'. इमॅक्सस्पीक त्या आज्ञेच्या पाठीला आपला एक तुकडा जोडतं: तुझं काम झालं की ही ओळ बोल. शब्द खोडला तर कुठला शब्द खोडला ते बोल. फाईल जतन झाली तर आवाजाची खूण वाजव. म्हणजे 'आपोआप बोलणं' नावाचं एकच बटण तिथे नाही. प्रत्येक आज्ञेगणिक काय बोलायचं हे वेगळं ठरलेलं आहे, आणि म्हणून ते वेगवेगळं बदलताही येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या अडचणींचं मूळ तिथे आहे. इमॅक्समध्ये प्रत्येक फाईल, प्रत्येक शेल आपापल्या बफरमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, असतो. इमॅक्सस्पीकची बहुतेक सेटिंगं बफरपुरती असतात. हे मुद्दाम केलेलं आहे, पत्र लिहिताना आणि कोड लिहिताना कानाला एकच गोष्ट लागत नाही. सेटिंग सगळीकडे लागू करायचं असेल तर त्या कळांच्या आधी कंट्रोल-यू दाबा. एवढंच.

कळा अशा. इमॅक्सस्पीकच्या सगळ्या आज्ञा कंट्रोल-ई ने सुरू होतात. ओळीच्या शेवटी जायची इमॅक्सची जुनी कळ हीच, ती हवी असेल तर कंट्रोल-ई नंतर नुसतं ई. बोलण्याची सेटिंगं कंट्रोल-ई, मग डी, या घरात राहतात. तिथे के म्हणजे अक्षर बोलणं, डब्ल्यू म्हणजे शब्द, एल म्हणजे ओळ, पी म्हणजे विरामचिन्हं, आर म्हणजे वेग, आय म्हणजे इंडेंटेशन, क्यू म्हणजे पूर्ण गप्प. म्हणून अक्षर बोलणं सगळीकडे बंद करायला कंट्रोल-यू, कंट्रोल-ई, डी, के.

माझा सल्ला: अक्षर बंद, शब्द चालू. बोटांना कळफलक येत असेल तर प्रत्येक अक्षराची पोच कशाला हवी? शब्द चुकीचा उमटला की कानाला लगेच खटकतं. पासवर्ड किंवा एखादा विचित्र सर्व्हरचा पत्ता लिहिताना तेवढ्यापुरतं अक्षर चालू करायचं.

इंडेंटेशन दोन पद्धतींनी सांगता येतं. बोलून, तेव्हा सुरुवातीच्या स्पेसचा आकडा ऐकू येतो. किंवा सुरांनी, तेव्हा जितकी ओळ आत तितका सूर लांब. एनव्हीडीएत सूर चढतो, इथे लांबतो. सवय बदलायला थोडे दिवस लागतील.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. प्रोग्रॅमिंगच्या फाईलला इमॅक्सस्पीक स्वतःहूनच इंडेंटेशन चालू करतं आणि विरामचिन्हं 'सगळी' वर नेतं. तुम्हाला ते ऐकूच आलं नाही याचा अर्थ कुठेतरी काहीतरी अडलंय. फाईल उघडी असताना कंट्रोल-ई, एम दाबा आणि काय बोलतं ते इथे लिहा.

गोदाकाठ · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

काका, खूप खूप आभार. आणि मला 'तू' म्हणा, मी तेवीस वर्षांची आहे.

कंट्रोल-ई, एम दाबलं. फाईलचं नाव बोललं आणि पुढे 'फंडामेंटल'.

मुळामुठा · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मग सापडलं. 'फंडामेंटल' म्हणजे इमॅक्स त्या फाईलला कोड समजतच नाहीये. फाईलचं नाव काय ठेवलं होतंस? नावाच्या शेवटी डॉट पीवाय, ही पायथनच्या फाईलची खूण, आहे का?

गोदाकाठ · मंगळवार, संध्याकाळी ७:३८

नाही! नुसतं 'बिल_चाचणी'. प्रयोगापुरती फाईल होती म्हणून शेपूट लावलंच नाही.

आत्ता नाव बदलून पुन्हा उघडली. 'पायथन' म्हणालं. त्या ओळीवर गेले आणि आठचा आकडा बोलून मग 'रिटर्न टोटल'. काका, मी दोन मिनिटं नुसती वर-खाली करत बसले होते. चार, आठ, बारा, आठ, चार. पूर्ण फंक्शनचा आकार कानात आला.

मुळामुठा · मंगळवार, रात्री ८:१०

छान. इमॅक्स फाईलच्या नावावरून ठरवतं की हा कोड आहे की साधा मजकूर, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून. नाव बदलायचं नसेल तर मेटा-एक्स (मेटा म्हणजे सहसा ऑल्ट) देऊन 'पायथन-मोड' लिहिलं तरी चालतं. काही विचित्र वाटलं की पहिल्यांदा कंट्रोल-ई, एम. मीही अजून तेच करतो.

आता शेलचं. शेलच्या बफरमध्ये येणारा मजकूर आपोआप बोलायचा की नाही यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे, नाव 'इमॅक्सस्पीक-कॉमिंट-ऑटोस्पीक'. तुला सगळं आपोआप हवंय असं तू लिहिलंस. मी आग्रहाने सांगेन, शेलमध्ये ते बंद कर. तीनशे ओळींतल्या दोनशे नव्वद तुला नकोच असतात. निकाल आला की शेवटच्या ओळीवर जायचं, ती ऐकायची, गरज वाटली तर वर सरकायचं. पायथनची चूक असेल तर तिचं नाव शेवटच्याच ओळीत असतं. म्हणजे खालून वर वाचणं हाच जवळचा रस्ता. दिसणारे लोकही तेच करतात, त्यांचे डोळे आधी तळाला जातात.

त्याहून बरं, प्रोग्रॅम शेलमधून चालवण्याऐवजी इमॅक्सच्या 'कंपाईल' आज्ञेने चालव. काम संपलं की संपल्याचं कळतं. मग मेटा-जी, एन दाबलं की इमॅक्स चुकीच्या ओळीवर स्वतःच नेऊन ठेवतं आणि ती ओळ बोलतं. यात तुला हवं ते आपोआप होतं आणि कान मोकळा राहतो.

खालच्या पट्टीत येणारे संदेश मध्येच बोलतात, त्यालाही वेगळं सेटिंग आहे, 'इमॅक्सस्पीक-स्पीक-मेसेजेस'. ते मात्र एकदम बंद करू नकोस. फाईल जतन झाली नाही, परवानगी नाकारली, असे संदेश तिथेच येतात. बोलणं तोडायचं असेल तर कंट्रोल-ई, एस.

कोरा_कागद · मंगळवार, रात्री ११:००

मला दिसतं. मी कोल्हापुरात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, यंदा वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. हा धागा त्याच्यासाठी वाचतोय. दोन प्रश्न विचारतो, अज्ञान वाटलं तर माफ करा.

एक, आवाज इतका वेगात का ठेवता? त्याच्या हेडफोनमधून मला एक शब्द कळत नाही. दोन, मी त्याला 'इथे बघ, हा कंस चुकलाय' असं म्हणून जातो आणि मग मलाच कसंतरी होतं. शिकवताना मी नक्की काय म्हणावं?

शांत_संध्याकाळ · बुधवार, सकाळी ८:५०

सर, 'बघ' म्हटलं तर आम्हाला काही वाटत नाही, आम्हीही 'सिनेमा बघितला' असंच म्हणतो. अडचण 'इथे' या शब्दाची आहे. 'इथे'ऐवजी 'बेचाळिसावी ओळ, शेवटचा कंस' म्हणा. तो व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-जी दाबून त्या ओळीवर तुमच्याआधी पोचेल. फळ्यावर लिहिताना जे लिहिता ते तोंडाने बोला, स्पेससकट.

आणि एक विनंती. तो ऐकत असताना त्याच्याशी बोलू नका. तुमचा आवाज आणि संगणकाचा आवाज एकाच कानाच्या दारात येतात. मी शिकत होते तेव्हा एका क्लासमधले शिक्षक माझ्या मागे उभं राहून सतत सूचना द्यायचे. सूचना अगदी बरोबर असायच्या, पण त्या वेळी मला ना ते ऐकू यायचे ना संगणक. त्याने हात वर केला की बोला, किंवा त्याला विचारून बोला.

वेगाचं म्हणाल तर तुमचे डोळे ओळीवरून किती वेगात फिरतात? तेवढंच आहे हे. तो वेग हळूहळू वाढतो, पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही. म्हणून त्याचा वेग दुसऱ्या कुणी परस्पर बदलू नये.

बोरू · बुधवार, दुपारी १:२५

मी सांगलीचा. अनुवादाचं काम करतो, सगळं मराठीत, इमॅक्सस्पीकवरच. कोडवाल्यांच्या धाग्यात थोडी जागा मराठी मजकुरालाही हवी म्हणून लिहितो.

ईस्पीकला मराठी येतं. उच्चार यांत्रिक आहेत पण स्पष्ट आहेत, आणि वेग वाढवला तरी तुटत नाहीत. तरीही मी पहिल्यांदा मराठी फाईल उघडली तेव्हा 'पाऊस' ऐकू येण्याऐवजी प्रत्येक अक्षराचं युनिकोडमधलं, म्हणजे अक्षरांच्या जागतिक यादीतलं, इंग्रजी नाव वाचलं जायला लागलं, 'देवनागरी लेटर' वगैरे. एक वाक्य संपायला अर्धं मिनिट. मी तेव्हा समजलो की मराठी चालतच नाही, आणि कितीतरी महिने परत गेलो नाही. दोष ईस्पीकचा नव्हताच. अनोळखी लिपीचं अक्षर आलं की इमॅक्सस्पीक ते आवाजाच्या इंजिनाकडे पाठवण्याआधी त्याचं नाव करून टाकतं. 'डीटीके-युनिकोड-प्रोसेस-यूटीएफ-८' हे सेटिंग बंद केलं की अक्षरं जशीच्या तशी पुढे जातात आणि मराठी आवाज ती सरळ वाचतो. भाषा मराठी निवडायला अर्थातच विसरू नका.

मराठीसाठी अक्षर बोलणं बंदच बरं. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'स्व' लिहायला स, हलंत, व अशा तीन गोष्टी लिहाव्या लागतात. तिन्ही सुट्या ऐकल्या तर त्यातून 'स्व' कानात तयार होत नाही. शब्द बोलणं चालू ठेवलं की स्पेस दिल्यावर अख्खा 'स्वर' ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला नीट कळत नाही, 'पाणि' आणि 'पाणी' जवळपास सारखंच. त्यासाठी मी शेवटी एकदा संशयित शब्दांवरून अक्षराअक्षराने जातो. त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

विरामचिन्हं मी कच्च्या मजकुराला 'काही' वर ठेवतो. शेवटच्या वाचनाला 'सगळी'.

गोदाकाठ · बुधवार, रात्री ९:१५

बोरूदादा, हे मला पुढे लागणारच आहे, घरी आईसाठी मराठी पत्रं मीच लिहिते. जपून ठेवलं.

काका, एक विचारायचं राहिलं. कोड वाचताना मध्येच आवाज बदलतो. काही शब्द वेगळ्या, थोड्या चढ्या आवाजात येतात. मला वाटलं स्पीकर बिघडला. ते बंद कसं करायचं? आणि बऱ्याच आज्ञांच्या नावात 'डीटीके' काय आहे?

मुळामुठा · गुरुवार, सकाळी ६:४५

ते बंद करू नकोस! इमॅक्सस्पीकमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ती आहे.

इमॅक्स कोडला रंग देतं. कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप, एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या, भाषेचे राखीव शब्द तिसऱ्या. इमॅक्सस्पीक त्या प्रत्येक रंगाला एक आवाज देतं. दिसणाऱ्याला जसं रंगावरून न वाचता कळतं की ही कॉमेंट आहे, तसं तुला आवाजावरून कळतं. 'कॉमेंट सुरू, कॉमेंट संपली' असं शब्दांत सांगावं लागत नाही. वेळही जात नाही.

ही कल्पना जिथून आली ते सांगतो, कारण ते आपल्या घरचं आहे. इमॅक्सस्पीक लिहिलं ते टी. व्ही. रामन यांनी. ते पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. इथल्याच वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ साली त्यांची पीएचडी झाली ती गणिताचा मजकूर ऐकता येण्यासारखा करणाऱ्या 'ॲस्टर' या प्रणालीवर. 'एक्सचा घात दोन' आणि त्यात अधिक एक, किंवा 'दोन अधिक एक' हा सगळाच एक्सचा घात, हे दोन्ही सपाट आवाजात वाचले तर गोंधळ होतो. घातांक चढ्या आवाजात वाचला की गोंधळ उरत नाही. मांडणी आवाजातून सांगायची ही रीत. पुढच्याच वर्षी, १९९५ ला, इमॅक्सस्पीक आलं आणि तीच रीत त्यात आली. कोडमधला तो चढा आवाज तुला ऐकू येतो त्याचं कूळ हे.

डीटीके म्हणजे डेकटॉक. त्या काळी इमॅक्सस्पीकचा आवाज संगणकातून येत नसे, डेकटॉक नावाचं वेगळं यंत्र जोडावं लागे. यंत्र गेलं, नाव राहिलं. आज त्याच आज्ञा ईस्पीकला जातात.

मी स्वतः लक्ष्मी रोडवरून कॉलेजला जायचो तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं की याच गावात शिकलेला, न दिसणारा एक माणूस आपल्यासाठी एडिटरला बोलायला लावतो आहे, तर माझी अनेक वर्षं वाचली असती. म्हणून मी जो भेटेल त्याला हे सांगतो.

आणखी एक, कामाचं. तुझा कोड सर्व्हरवर असेल तर सर्व्हरवर इमॅक्स चालवू नकोस. मग बोलायचं कामही सर्व्हरवर जातं आणि तुझ्या कानात काही येत नाही. इमॅक्स आपल्याच लॅपटॉपवर ठेव आणि इमॅक्सच्याच ट्रॅम्प या सोयीने दूरची फाईल उघड. फाईल तिकडची, आवाज इकडचा.

कोरा_कागद · गुरुवार, रात्री १०:३०

आज वर्गात 'इथे' हा शब्द एकदाही वापरला नाही. अवघड गेलं, पण जमलं. विशेष म्हणजे मागच्या बाकावरच्या दिसणाऱ्या मुलांनाही ओळ क्रमांकांमुळे पटापट सापडत होतं. शांत_संध्याकाळताई, त्याच्या मागे उभं राहणंही थांबवलं. त्याने तासाभरात दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा प्रश्न अगदी नेमका होता.

त्याच्याकडे विंडोज आहे, त्यामुळे आम्ही एनव्हीडीए आणि प्रोफाईलच्या वाटेने जातोय. सूचनांची यादी बंद केली. तो म्हणाला, 'सर, आता मला माझंच लिहिलेलं ऐकू येतंय.'

गोदाकाठ · शनिवार, सकाळी ११:२०

चार दिवसांचा हिशेब देते.

अक्षर बंद, शब्द चालू. दोन्ही कंट्रोल-यू ने सगळीकडे केलं आणि मग इमॅक्स उघडताना वाचतं त्या सुरुवातीच्या फाईलमध्येही लिहून ठेवलं, म्हणजे इमॅक्स बंद करून उघडलं तरी टिकतं. शेलचं आपोआप बोलणं बंद. हे बंद करताना हात थरथरला, खोटं नाही सांगत. शांत झालं की संगणक अडकला असंच वाटायचं मला. पहिल्या दिवशी दर दहा सेकंदांनी तपासत होते. कालपर्यंत ते गेलं. कंपाईल संपल्याची खूण वाजते तोवर मी पुढचा विचार करते.

इंडेंटेशन अजून आकड्यातच ठेवलंय. सुरांवर एक दिवस काढला, पण एनव्हीडीएच्या चढत्या सुरांची सवय जाईना, लांबी कळेना. महिन्याभराने परत बघेन.

आणि काका, त्या चढ्या आवाजाबद्दल. काल संध्याकाळी एका ओळीत अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं. खालच्या बाणाने पुढच्या ओळीवर आले, तिथे 'फॉर' होता, आणि तो 'फॉर' त्याच्या नेहमीच्या आवाजात आला नाही. अवतरणातल्या मजकुराच्या आवाजात आला. त्याच्या पुढची ओळही तशीच. मी एक ओळ वर गेले, शेवटी अवतरण टाकलं, खाली आले. 'फॉर' परत त्याच्या आवाजात. प्रोग्रॅम चालवलाही नव्हता अजून.

शेजारी बसणाऱ्या सीनियरना सांगितलं तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, एक हेडफोन मला दे, मला पण ऐकायचंय. माझ्या वेगात त्यांना काही कळलं नाही, म्हणून कंट्रोल-ई, डी, आर करून वेग निम्म्यावर आणला आणि ती ओळ त्यांना मुद्दाम परत मोडून ऐकवली.

माझी सुरुवातीची फाईल उद्या नीट करून, प्रत्येक ओळीवर मराठीत कॉमेंट लिहून इथे टाकते. बोरूदादा, युनिकोडची ओळ नेमकी कुठे घालायची, इमॅक्सस्पीक सुरू होण्याआधी की नंतर, तेवढं सांगा.

बोरू · शनिवार, दुपारी १२:०५

माझ्याकडे नंतर घातलेली आहे आणि चालते. ती लिहिल्यावर एक मराठी फाईल उघडून लगेच तपास. पहिला शब्द सरळ वाचला गेला की झालं.